आत्या माझे तळवे बघतात

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. त्यांच्या हातात ब्रशच्या केसासारखा नायलॉनचा जाड धागा होता. "तळव्याला टोचलं की 'हो' म्हणा," ते म्हणाले. मी डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला तेव्हा म्हटलं, "करा सुरू."

"झालं माझं," ते म्हणाले.

मधुमेह मला बऱ्याच वर्षांपासून आहे. गोळ्या वेळेवर घेते, भात मोजून खाते. पण तळव्यांची जाणीव कधी गेली ते कळलं नाही. कळलं ते लोखंडाच्या किसाच्या एका तुकड्यामुळे.

चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कंपनीत मी स्टोअर सांभाळते. मशीन शॉपमधून लोखंडाचा कीस सगळीकडे येतो, म्हणून सेफ्टी शूज झटकून घाला असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला बजावत असते. माझे धावायचे बूट मात्र रॅकखाली, भंगाराच्या पेटीशेजारी असायचे. पहिली शिफ्ट सुटली की ते घालून मी एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यांवर तासभर धावायचे. शनिवारी ते घरी नेले. रविवारी आमच्या रहाटणीच्या ग्रुपबरोबर बावीस किलोमीटर धावले, घरी आले, बूट काढले आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.

मागून सासूबाई म्हणाल्या, "फरशीवर कुंकू कुनी सांडलं गं?"

आमच्या घरात आता कुंकू लावणारं कोणी नाही, हे आम्हा दोघींच्या एकदमच लक्षात आलं. मग मी पाय उचलून बघितला. अंगठ्याखाली नखाएवढा वाकडा कीस रुतला होता. बावीस किलोमीटर तो तिथेच होता.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या चाकणजवळच्या गावच्या. जमीन कंपन्यांत गेली, गावातलं घर दिरांकडे राहिलं, आणि त्या लेकाकडे, म्हणजे आमच्याकडे, रहाटणीला आल्या. लेक दोन वर्षांपूर्वी गेला. हार्ट अटॅक. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. धीर वगैरे काही नव्हता. काहीच नव्हतं. कुलूप उघडायचं, माल मोजून घ्यायचा, कुलूप लावायचं. मुलगी लग्न होऊन बंगळूरला असते. ती रोज फोन करून विचारते, "कशी आहेस?" मी म्हणते, "बरी आहे." ते खोटं नव्हतं, खरंही नव्हतं.

का धावते याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, चालताचालता धावायला लागले. धावताना कोणी कशी आहेस विचारत नाही, एवढंच. मग कोणीतरी म्हणालं, ताई, पूर्ण मॅरेथॉन करा. बेचाळीस किलोमीटर. करून टाकू, म्हटलं. मध्ये पोटरीचा स्नायू फाटला. तो बरा होतोय तोवर एका स्पीडब्रेकरवर पडून मनगट मोडलं. प्लास्टर घेऊन मी चालत राहिले. त्यात शौर्य काही नाही. घरी बसून करणार काय?

किसाची जखम भरायला दीड महिना गेला. डॉक्टर सरळ बोलणारे आहेत. "बोट थोडक्यात वाचलंय," ते म्हणाले. "पुढच्या वेळी नुसत्या बोटावर भागेल असं नाही. धावायचंच असेल तर रोज धावून आल्यावर तळवे कोणीतरी नीट बघायचे. लाल झालंय का, फोड आहे का, भेग आहे का. तुम्हाला कळणार नाही, म्हणून दुसऱ्याने."

"आरशात बघेन की."

"बघा प्रयत्न करून."

केला. चष्मा लावून, खाली आरसा धरून, कंबर वाकवून. मला छताचा पंखा छान दिसला.

आमच्या ग्रुपमध्ये काळेवाडीला टू-व्हीलरचं गॅरेज असलेले एक जण आहेत, सगळे त्यांना भाई म्हणतात. ते म्हणाले, "ताई, तुमचं इंजिन एकदम ठीक आहे. टायर मात्र ट्यूबलेस. खिळा घुसला तरी हवा जात नाही, गाडी चालत राहते, आणि मालकाला पत्ता नसतो. घरी बघायला कोण आहे?"

घरी आत्या होत्या.

मी तो विषय काढला नसता. सणाला मी त्यांच्या पाया पडते. इतकी वर्षं त्यांच्यासमोर पाय पसरून बसले नाही. चुकून पाय लागला तरी हात लावून कपाळाला लावते. त्यांच्या मांडीवर पाय ठेवायचा म्हणजे काय? पण भाईंनी एकदा मला घरी सोडताना दारातच आत्यांना सगळं सांगून टाकलं. संध्याकाळी आत्या सोफ्यावर बसल्या, मांडीवर जुना टॉवेल पसरला आणि म्हणाल्या, "आन पाय."

"नको आत्या. पाप लागेल मला."

"ज्याला लागायचं त्याला लागू दे. बैलाचे खूर बघितलेत मी जन्मभर. दगड अडकला तर त्योबी सांगत न्हाई."

"मी काय बैल आहे का?"

"बैल बरा. त्यो लंगडतो तरी."

मी पाय दिला. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला, चष्मा पुसला आणि एकेक बोट फाकवून बघायला लागल्या. टीव्हीवर मालिका चालू होती, तिचा आवाज मी वाढवला. त्यांचे हात थंड होते की गरम, मला सांगता यायचं नाही. मी फक्त बघत होते की कोणीतरी एका पायाला काहीतरी करतंय.

"हितं लागतंय का?"

"कुठे?"

"बास. समजलं."

मग ते रोजचंच झालं. आम्ही दोघी एरवी कामापुरतं बोलायचो: दूध आलं का, गॅस बंद केला का. आता रोज संध्याकाळी पाच-दहा मिनिटं माझा पाय त्यांच्या मांडीवर असायचा आणि त्या गावाकडचं काहीबाही सांगायच्या. लेकाचं कधी काढलं नाही. मीही नाही.

मॅरेथॉन जवळ आली तेव्हा डॉक्टर म्हणाले, मधे एकदा तरी बूट काढून तपासणी झाली पाहिजे. भाई म्हणाले, यंदा माझा गुडघा गेलाय, मी धावत नाही, आजींना व्हॅनमधून तिसाव्या किलोमीटरला आणतो. आत्यांनी एकच अट घातली. "मी म्हनले थांब, तर थांबायचं. तिथं हुज्जत न्हाई."

मी लगेच हो म्हटलं. पहाटेच्या थंडीत त्या येतील असं मला वाटलंच नव्हतं.

आल्या होत्या. स्पाईन रोडच्या एका चौकात प्लास्टिकच्या खुर्चीवर, कानाला मफलर बांधून, मांडीवर तोच टॉवेल घेऊन. मी चांगली धावत होते. श्वास ठीक, पोटरी ठीक. मी दुभाजकावर बसले आणि पाय पुढे केला. डावा बघितला, ठीक. उजव्याचा मोजा त्यांनी हळूहळू सोलला.

"काय आहे?"

त्यांनी मोजा उलटा करून माझ्यासमोर धरला. खालचा भाग लाल होता. करंगळीखालचा फोड फुटून कातडी दुमडली होती.

"आता उठायचं न्हाई."

"बाराच राहिलेत, आत्या."

"बारा काय आन् दोन काय."

"मला अजिबात दुखत नाहीये."

"म्हनूनच तर म्हनते."

मला राग आला. असा राग मला फार दिवसांत आला नव्हता, कोणावरच नाही. माझा आवाज चढला. मी म्हटलं, वर्षभर मी काय केलंय ते तुम्हाला माहीत नाही का? पोटरी, मनगट, हा पाय, सगळं करून इथवर आले. तुम्हाला यातलं काय कळतं? पाणी वाटणारी मुलं बघायला लागली. भाई पाठ फिरवून उभे राहिले.

"न्हाई कळत," आत्या म्हणाल्या. माझा बूट त्यांनी पिशवीत टाकला आणि पिशवी मांडीखाली घेऊन तिच्यावर बसल्या. पाय मात्र सोडला नाही. एक हात घोट्याला घट्ट धरून होत्या, जसं जनावर उसळेल म्हणून धरतात.

समोरून लोक जात होते. एक तरुण एका पायावर भार देत, तोंड वाकडं करत आला. आत्यांनी त्याला हाक मारली, "ए बाबा, तुझा पाय कुनी बघितला का?" त्याने 'ठीक आहे' म्हणून अंगठा वर केला आणि पुढे गेला. "ह्यांच्या घरी कुनी न्हाई का काय," त्या भाईंना म्हणाल्या.

प्रथमोपचारवाल्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वरवरचीच आहे, भरेल. आणखी बारा किलोमीटर गेले असते तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मॅरेथॉन माझी झालेली नाही, ती गोष्ट तशीच आहे.

त्या सकाळी रस्ता बंद असल्यामुळे व्हॅन पलीकडे उभी होती. मध्ये केबलसाठी खणलेला पट्टा आणि त्यावर खडी. पट्टी बांधलेला पाय बुटात जाईना, आणि अनवाणी जायची मला परवानगी नाही. आत्यांनी आपल्या चपला काढून माझ्यापुढे सरकवल्या.

मी त्यांच्याशी बोलत नव्हते. पण चपला घातल्या. एका हाताने भाईंचा खांदा धरला आणि निघाले. मागे आत्या अनवाणी. इतक्या वर्षांच्या फ्लॅटच्या फरशीने त्यांचे तळवे मऊ झालेत. त्या एक पाय उचलायच्या, थांबायच्या, दुसरा टेकवायच्या.

"अगं आई गं. टोचतंय, रांडेचं."

भाई वळून म्हणाले, "आजी, उचलून घेऊ का?"

"हात तर लाव. मोजा फेकून मारीन."

मी थांबले. राग होताच. पण हात मागे केला आणि त्यांनी तो धरला. खडी संपेपर्यंत त्या मोठ्याने कण्हत होत्या. मी ऐकत चालले होते.