दोरीवर राहिलेला कमठा

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. धारूरजवळच्या आमच्या गावातल्या निम्म्या घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याच सुमारास गावात टेम्पोतून तयार दरवाजे यायला लागले, आणि दादांनी लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला तो ठेवलाच. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद. चपलेचा अंगठा तुटला तर तिला तार गुंडाळली. मी म्हणालो, बीडहून नव्या आणतो.

"नको. झिजायच्या आधी मीच जाईन. मग घालनार कोन? तुजा पाय नवाचा, माजा आठाचा."

मी बीडला एका कचेरीत कारकून आहे, शनिवारी गावी येतो. दादा असं बोलले की माझं डोकं फिरायचं. खरं म्हणजे भीती वाटायची, पण मला भीती वाटली की मी आधी भांडतो.

अशाच एका शनिवारी, विषय बदलावा म्हणून, मी त्यांना फोनवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला एक म्हातारा यू नावाच्या झाडाचं धनुष्य करत होता. दादांनी फोन हातभर लांब धरला.

"हत्यार अंगाकडं वढतोय ह्यो. एक दिवस पोटात घुसंल." तरीही त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. एकदा नाही, तीनदा.

"हे झाड आपल्याकडं मिळत नाही," मी म्हणालो.

"आपल्याकडं धामण हाय की. गावात सोंगं निघायची तवा रामाचा कमठा कोन करायचं?"

माळ्यावर धामणीचा एक ओंडका कित्येक वर्षं पडून होता. बैलगाडीसाठी जपलेला, ज्याची गाडी व्हायची होती त्यानं मध्येच ट्रॅक्टर घेतला. दादा म्हणाले, कमठ्याला, म्हणजे धनुष्याला, असंच वाळलेलं लाकूड लागतं, ओल्या फांदीला दोन वर्षं सावलीत ठेवल्याशिवाय हात लावायचा नाही. पाचर मारून ओंडका फोडला. करवत चालत नाही, कारण करवत लाकडाचे धागे कापते. तीन दांडे निघाले.

पहिला माझ्या घाईनं मोडला. थोडा तासायचा, थोडा वाकवून बघायचा, पुन्हा तासायचा, असं ते काम. मी पहिल्याच दिवशी कान ओढल्यागत ओढला. दादा नुसते हसले. दुसरा मात्र त्यांच्या हातात मोडला. लाकडाच्या पोटात एक गाठ होती आणि ती त्यांना दिसली नव्हती. दोन्ही तुकडे त्यांनी चुलीपाशी नेऊन ठेवले.

"आता एक ऱ्हायला. ह्यो गेला तर हत्यारं भंगारवाल्याला देऊन टाक."

ते रागानं बोलले असते तर मी भांडलो असतो. त्यांनी ते भाजीत मीठ कमी आहे इतक्या सहज सांगितलं, म्हणून मी न भांडताच एस्टी धरली.

तिसऱ्याला त्यांनी महिना लावला. डोळ्यांवरचा भरवसा सोडून ते डोळे मिटायचे आणि लाकडावरून अंगठा फिरवायचे. जाड लागलं तिथं कोळशाची रेघ. मग रंधा, मग कानस, शेवटी फुटक्या काचेनं खरवडणं. गोठ्याच्या मेढीला मधोमध बांधून दोरी हळूहळू ओढायची आणि दोन्ही टोकं सारखी वाकतात का ते मी लांबून सांगायचं, एवढंच माझं काम. अंबाडीची दोरी मायनं वळून दिली. दसऱ्याच्या तीन दिवस आधी कमठा झाला. दादांनी तो माझ्या हातात दिला आणि बजावलं, "काम झालं की दोरी उतरायची. दोरीवर ऱ्हायला की कमठा बसतो, वाकडाच ऱ्हातो. नवा असला तर तडकतोबी."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी हुशार आहे.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. माय सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडते, हळदीकुंकू, झेंडूची माळ, पुरणपोळीचा नैवेद्य. एकदा नारळ फुटला की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हत्याराला कुणी शिवायचं नाही, साधा खिळा ठोकायचा नाही. त्या दिवशी दादांना एका बागायतदारानं ट्रॅक्टरच्या पूजेला नेलं होतं. ज्या ट्रॅक्टरनं गाड्या बंद पाडल्या, त्याच्यापुढं नारळ फोडायचा मान जुन्या सुताराला! दादा मात्र टोपी धुऊन गेले.

इकडं मायनं पाटावर कमठा ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"ही काठी झाली. कमठा कुटं हाय ह्यात? दोरी चढीव."

"दादा नको म्हणालेत."

"सणाच्या दिवशी देव हत्यार टाकून बसतो व्हय? घटकाभर चढीव. गल्लीतल्या बाया येत्यात बघायला."

मीही हुरळलो. गुडघा लावून दोरी चढवली, आणि काय सुंदर दिसला तो! मायनं त्याला माळ घातली, हळदीची बोटं ओढली. बाया आल्या, वाहवा झाली, चहा झाला. मग मायनं माझ्या हातात नारळ दिला आणि मी तो फोडला. पाणी पाटावर उडालं आणि मगच माझ्या लक्षात आलं, दोरी चढलेलीच आहे आणि आता उद्यापर्यंत शिवता यायचं नाही.

दादा दुपारी आले. टोपीवर कुंकू, चेहऱ्यावर समाधान. पाटापुढं हात जोडले आणि हात तसेच राहिले. विचारलं एवढंच, "नारळ फुटला का?"

"फुटला," मी म्हणालो. "मी उतरवतो. पाप लागलं तर मला लागू द्या."

"मी सांगते देवाला," माय म्हणाली. "माजंच चुकलं. काड तू."

"जलमभर मोडलं न्हाई, ते आज मोडू? पूजा बसली. आता उद्या."

त्यांनी एक पोळी खाल्ली आणि पाटासमोर भिंतीला टेकून बसले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दुपारभर मी गोठा ते ओसरी अशा खेपा घातल्या. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. एक कमठा मोडेल याचं दुःख नव्हतं. तो मोडला की हा माणूस आतून हत्यारं खाली ठेवील आणि त्याला कारण मी असेन, याचं होतं. दिवेलागणीला घरातून कट्ट असा आवाज आला. मी चप्पल टाकून धावलो. दादाही गुडघ्यांवर उठले होते. माय अडकित्त्यानं सुपारी फोडत होती.

"आमी तर मेलोच की आता," दादा म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा थोडं हसले.

दसऱ्याच्या सकाळी अंघोळ करून त्यांनी अक्षता टाकल्या, पाट हलवला आणि कमठा उचलला. आधी पाठीवरून अंगठा फिरवला, टोकापासून टोकापर्यंत, मध्ये न थांबता. मग गुडघा लावला. दोरी त्यांनीच उतरवली. कमठा जमिनीवर ठेवला. सरळ झाला नाही. मधोमध जमिनीपासून चांगली तीन बोटं उचललेला राहिला.

दादांनी तो ओसरीत सावलीला आडवा ठेवला आणि चहा मागितला.

दुपारी बघितलं तर दोन बोटं.

"जीव हाय त्याच्यात," दादा म्हणाले. "दोन बोटं बसला. बसू दे. इतकं चालतं."

मला एवढं हलकं वाटलं की मी उगीचच मायला ओरडलो, चहात साखर जास्त झाली म्हणून. तिनंही उलट ऐकवलं. घर पुन्हा जाग्यावर आलं.

संध्याकाळी गाव सीमोल्लंघनाला निघालं, तेव्हा दादांनी कमठा खांद्याला लावला आणि घरीच तासलेले बाण माझ्याकडं दिले. आमच्या शेतात त्यांनी कडब्याच्या पेंडीवर नेम धरला. बाण पेंडीच्या हातभर वरून गेला आणि तुरीत घुसला. तो शोधताना आमच्या अंगभर गवताची कुसळं लागली. दादांनी आणखी चार मारले. शेवटचा पेंडीत रुतला तेव्हा त्यांनी इकडंतिकडं बघितलं, कुणी बघितलं का म्हणून. मी बघितलं होतं.

परतताना ते बांधावरच्या धामणीपाशी थांबले. मनगटाएवढ्या एका फांदीवर अंगठा फिरवला.

"ही तोडू पुडच्या म्हैन्यात. माळ्यावर टाकू. दोन वर्सं वाळली की मग हात लावीन."

"दोन वर्षं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मग? वल्लं लाकूड तासू व्हय?" ते चालू लागले. तार गुंडाळलेली चप्पल दर पावलाला फटफट वाजत होती. थोडं पुढं गेल्यावर, वळूनही न बघता म्हणाले, "शनिवारी येताना चपला आन. आठ नंबर. तुज्या मापाच्या आनू नकोस."