जुन्या फ्रिक्वेन्सीवरचा श्वास

नाईक विलास ढोके सकाळी गस्तीवर गेला. दुपारी त्याचा मृतदेह पोस्टवर आला. मधल्या वेळात मी रेडिओ कंट्रोलवर होतो.

त्या वेळात मी जे ऐकलं ते बरीच वर्षं कोणाला सांगितलं नाही. विचारलं एकानेच, तेव्हाही अर्धवटच सांगितलं. पुढे रायपूरला, शंकर नगरातल्या एका ध्यान केंद्रात, लोकांनी त्याला एक सुंदर नाव देऊन टाकलं. म्हणून लिहितो आहे.

विलास आणि मी रायपूरच्याच गुढियारीचे. दोघांचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी विदर्भातून आलेले. मालधक्क्यामागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आमची घरं लागून होती, मधे एकच भिंत. आम्ही एकाच भरतीत लागलो आणि योगायोगाने एकाच बटालियनच्या सिग्नल प्लाटूनमध्ये पोहोचलो. माझ्या ट्रंकेत पुस्तकं असायची, म्हणून तो मला मास्तर म्हणे. नंतर अख्खी कंपनी म्हणू लागली.

श्वासाकडे लक्ष द्यायला मला सगळ्यात आधी फायरिंग रेंजवरच्या उस्तादाने शिकवलं. "साँस लो. आधी छोड़ो. रोको. अब दबाओ." दाबायचा तो ट्रिगर. श्वास थांबला की रायफल हलत नाही आणि गोळी जिथे पाठवायची तिथे जाते. आम्ही हे पोटावर पडून, उन्हात, महिनोन् महिने केलं. पुढे लोकांनी मला श्वासाच्या पावित्र्याबद्दल सांगितलं तेव्हा मी गप्प राहिलो. त्याचं कारण हे होतं.

आमची पोस्ट उत्तरेत एका कड्यावर होती. कंपनी कमांडर मेजर साहेब, त्यांच्या बंकरशेजारी सिग्नलचा बंकर. मी हवालदार, कंट्रोलचा इन्चार्ज. गस्तीबरोबर जाणारा ऑपरेटर बहुतेक वेळा विलास. रेडिओवर माणसाला नाव नसतं. तो अल्फा वन, मी कंट्रोल. पण विलासला ओळखायला कॉल साइन लागत नसे. माईक ओठांना टेकवून बोलायची त्याला वाईट खोड होती. शब्दाच्या आधी श्वास यायचा. घोगरा, नाकातून, जरा घाईचा.

"अल्फा वन, माईक दूर धर. कानात म्हैस उभी राहिल्यासारखं वाटतं."

"कंट्रोल, म्हैस रॉजर. मास्तर, पुस्तक बंद करा. ओव्हर."

नेटवर, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक फ्रिक्वेन्सीवर, असं बोलायला परवानगी नाही. एकदा मेजर साहेबांनी ऐकलं आणि आम्हा दोघांना पाठीवर पिठ्ठूचं ओझं लावून हेलिपॅडभोवती पळवलं. पळतानाही विलास मागून म्हणत होता, "मास्तर, म्हैस दमून राहिली."

त्या दिवशी गस्त नाल्याकडे उतरली. नऊच्या सुमारास मला त्याचा श्वास ऐकू आला आणि मग शब्द. "कंट्रोल फॉर अल्फा वन. कॉन्टॅक्ट. नाल्याच्या..." पुढे फायरचा आवाज. मग शब्द थांबले. श्वास थांबला नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बोलताना सेटचं जे बटण दाबून धरतात त्याला प्रेसल म्हणतात. प्रेसल दाबलेला असेपर्यंत सेट बोलतो, ऐकत नाही. आणि तो सेट बोलत असताना त्या फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या कोणाला बोलता येत नाही. विलास प्रेसलवर पडला होता, की त्याने तो मुठीत धरून ठेवला होता, हे मला आजही माहीत नाही. नेटवर फक्त त्याचा श्वास होता आणि त्या श्वासाने नेट अडवला होता. गस्तीच्या दुसऱ्या सेटला मदत मागता येत नव्हती, मॉर्टरला टार्गेट देता येत नव्हतं.

यासाठी ड्रिल ठरलेली असते. नेट अडला की सगळे न सांगता अल्टरनेट, म्हणजे राखीव, फ्रिक्वेन्सीवर जातात. सगळे गेले. मीही गेलो. मेजर साहेब बंकरमध्ये आले.

"सब अल्टरनेट पे?"

"जी साहब."

"ढोके?"

"पुरानी पे है, साहब. प्रेसल दबा हुआ है."

त्यांनी शेजारच्या सेटकडे बोट दाखवलं. "मेन सेट पे काम करो. स्पेअर पे उसको सुनते रहो. जब तक है, पता रहेगा."

मी एका कानावर मेन सेट घेतला, दुसऱ्यावर स्पेअर. एका कानात नकाशावरचे ग्रिड रेफरन्स, फायर ऑर्डर, मदतीला निघालेल्या तुकडीची ठिकाणं. दुसऱ्या कानात विलास. त्या श्वासात शांत असं काही नव्हतं. तो ओढून घेतला जात होता, अडकत होता, पुन्हा ओढला जात होता. मधे एकदा त्याने शिवी दिली. कोणाला ते कळलं नाही. मी स्पेअरचा प्रेसल दाबून म्हणालो, "विल्या, ऐकतोय." त्याला ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. मी सिग्नलचा माणूस आहे, मला ते ठाऊक होतं. तरी पुन्हा म्हणालो.

तुकडी पोहोचायच्या थोडं आधी श्वास थांबला. नंतर काही वेळ फक्त नाल्याचं पाणी ऐकू येत होतं. मग बूट, मग कोणीतरी सेट उचलला, आणि प्रेसल सुटला.

बाकीची गस्त सुखरूप परत आली.

बटालियनच्या सी.ओ. साहेबांनी त्याच्या वडिलांना सांगितलं की त्याला त्रास झाला नाही. असंच सांगतात. मी सुटीवर गेलो तेव्हा ढोके काकांनी मला विचारलं, "तू रेडिओवर होता ना, शरद? काही बोलला काय?"

मी म्हणालो, "नाही काका. फक्त श्वास ऐकू आला."

ते "हव, बरं" म्हणाले आणि उठून आत गेले. त्या एका वाक्याचं पुढे काय होईल याची मला कल्पना नव्हती.

मी पेन्शनवर परतलो तेव्हा राज्य नवं होतं आणि रायपूर राजधानी झालं होतं. शंकर नगरातले बंगले ऑफिसांनी भाड्याने घेतले होते. मला अशाच एका ऑफिसात रेकॉर्डचं काम मिळालं. त्याच रस्त्यावर ध्यान केंद्र उघडलं. नव्या ऑफिसांतले साहेब रविवारी सकाळी तिथे पांढऱ्या कपड्यांत जाऊन बसत. ढोके काकाही जाऊ लागले. गुढियारीहून दोन टेम्पो बदलून. काकू आधीच गेल्या होत्या, घरात ते एकटेच. जन्मभर मालधक्क्यावर सिमेंटच्या आणि तांदळाच्या वॅगनी उतरवून घेतल्या होत्या, त्यांची फुप्फुसं निकामी होत आली होती. डॉक्टरांनी रोज दोन वेळा औषधाचा पंप तोंडाने ओढायला सांगितला होता. भिंतीपलीकडून तो आवाज आम्हाला सकाळ-संध्याकाळ ऐकू यायचा. आधी डबी हलवल्याचा, मग फुस्स.

त्यांच्या आग्रहावरून मीही काही रविवार गेलो. तिथले आचार्य मृदू बोलत. "साक्षी बनो. साँस आ रही है, जा रही है. कुछ मत करो. बस सुनो." मी डोळे मिटले आणि स्पेअर सेट सुरू झाला. दर रविवारी तेच झालं. काहीही न करता श्वास ऐकत बसणं म्हणजे काय, हे त्या हॉलमध्ये मला कोणी शिकवायची गरज नव्हती. ज्याने ते कधी केलेलं नाही त्यालाच ते इतक्या गोड आवाजात सांगता येतं.

दुसरा अभ्यास होता स्वतःला विचारायचा, मी कोण? सेन्ट्री ड्यूटीवर हा प्रश्न दुसरा माणूस विचारतो, रायफल रोखून, आणि उत्तर ताबडतोब द्यावं लागतं. गादीवर बसून मी तो प्रामाणिकपणे विचारला. पुस्तकांत या प्रश्नाची मोठी उत्तरं मी वाचली होती. मला एकच उत्तर आलं. कंट्रोल. मी उठलो, बूट घातले आणि घरी आलो. ध्यान खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. त्या हॉलमधल्या शांततेचा मला राग येत होता, एवढं खरं.

काका जात राहिले. एक दिवस स्वयंपाकघरातून माझी बायको नंदा म्हणाली, "तुमच्या ध्यानात आलं काय? काका पंप घेऊन नाही राहिले. लय दिवस झाले, आवाजच नाही."

मी पलीकडे गेलो. काका खाटेवर ताठ बसले होते. ओठ निळसर झाले होते, गळ्याच्या शिरा प्रत्येक श्वासाला वर येत होत्या. पंप खिडकीत होता, त्यावर धूळ.

"काका, हे काहून बंद केलं?"

"आचार्यजी म्हणतेत, बाहेरचे सहारे हळूहळू सुटतात." एवढं बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं. "मी एकदमच सोडून टाकले."

"डॉक्टरले विचारलं?"

"डॉक्टरले काय समजते? माझा पोरगा श्वास पाहत पाहत गेला. आचार्यजीनं सांगितलं मले, याले सजग मृत्यू म्हणतेत. शेवटी बोलला नाही, काही मागितलं नाही, फक्त श्वास. तूच तर सांगितलं होतं." मग त्यांनी माझा हात धरला. "त्याले जमलं. मले काहून नाही जमणार?"

मी दिलेलं वाक्य मला परत मिळालं होतं आणि त्यावर एक माणूस गुदमरत होता.

येत्या रविवारी नव्या हॉलचं उद्घाटन होतं. आचार्यांनी काकांकरवी निरोप दिला होता की हवालदार साहेबांनी त्या शेवटच्या क्षणांबद्दल साधकांना दोन शब्द सांगावेत. मी आधी नाही म्हणणार होतो. काकांकडे पाहून हो म्हणालो.

हॉल भरला होता. नवा रंग, नवे पंखे, पुढच्या ओळीत काका. आचार्यांनी माझी ओळख करून दिली. "हवालदार साहब ने एक वीर की अंतिम साँस सुनी है. ऐसा सौभाग्य किसको मिलता है!"

सौभाग्य हा शब्द ऐकून मी उठून पुढे गेलो. मी माईक तोंडापासून दूर धरला आणि हॉलकडे न बघता काकांकडे बघून आमच्या बोलीत बोललो.

"काका, विलास शांत नव्हता. तो श्वासासाठी भांडून राहिला होता. एकेक श्वास त्यानं ओढून काढला. मधी त्यानं शिवी देल्ली. पाहत-बिहत काही नव्हता तो, त्याले जगायचं होतं. त्यानं एकही श्वास आपल्या मनानं सोडला नाही. तुम्ही काहून सोडून राहिले?"

हॉलमधल्या निम्म्या लोकांना मराठी कळत नव्हती. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

काकांना कळलं. ते उभे राहिले. उभं राहून बोलण्याइतकी हवा जमवायला त्यांना वेळ लागला. टाळ्या थांबेपर्यंत ते माझ्याकडे पाहत होते.

"किती वेळ?"

"मदत पोचेपर्यंत, काका. जवळपास."

"अन् तू?"

"मी ऐकत होतो."

"माझा पोरगा मरून राहिला होता," ते म्हणाले, "अन् तू ऐकत बसला."

फ्रिक्वेन्सी, ड्रिल, अल्टरनेट, बाकीची गस्त जिवंत परत आली, हे सगळं मला त्याच क्षणी पाठ म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

"माझ्या दारात पाय नको ठेवू," काका म्हणाले.

आचार्य मला बाहेरपर्यंत सोडायला आले. आवाज तसाच मृदू. "हमने दवा छोड़ने को नहीं कहा था. साधक स्वयं निर्णय लेता है."

"उनको ये अंदर जाके बोलिए," मी म्हणालो. "अभी."

ते आत गेले. बोलले की नाही, मला माहीत नाही. मी टेम्पो पकडून गुढियारीला आलो.

काका संध्याकाळी परतले. त्यांच्या दाराची कडी वाजली. मी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसलो. नंदा म्हणाली, "काय करून राहिले तुम्ही?" मी तिला हाताने थांब म्हटलं. पलीकडे बराच वेळ काही नव्हतं. खाट करकरली. पुन्हा काही नाही. मग डबी हलवल्याचा आवाज आला आणि फुस्स.

नंदा ओट्याला टेकली. पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "मेल्या म्हाताऱ्यानं घेतला पंप. जिवंत आहे."

त्यानंतर काका तीन-चार वर्षं जगले. माझ्याशी ते एक शब्दही बोलले नाहीत. नंदाने नेलेला डबा घेत, मी दारात दिसलो की मान फिरवत. केंद्रात पुन्हा गेले नाहीत. मी रोज सकाळी आणि संध्याकाळी भिंतीपाशी बसायचो, आवाज आला की उठायचो. कोणी याला ध्यान म्हटलं तर मी भांडेन. ती ड्यूटी होती. काकांना ठाऊक होतं, असं नंदा म्हणायची. शेवटच्या उन्हाळ्यात ते आपली खाट ओढत त्या भिंतीला लावून झोपू लागले होते. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या बाजूला गारवा असतो, तेही कारण असेल.

ते हॉस्पिटलातच वारले. मी व्हरांड्यात होतो. आत नंदा होती.

नाईक विलास ढोके, सिग्नल प्लाटून. माईक ओठांना टेकवून बोलायचा. बोलण्याआधी त्याचा श्वास यायचा. त्याला जगायचं होतं. त्याच्याबद्दल मला नक्की ठाऊक आहे ते इतकंच, आणि त्याचे वडील ते जाणून गेले.

पलीकडच्या घराला आता कुलूप आहे. मी अजून सकाळी भिंतीपाशी बसतो. पलीकडून काही ऐकू येत नाही. माझा श्वास ऐकू येतो.