शुक्रवारी तीन वाजता लागलेलं स्टेशन

गूढ अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे, हे आधी कबूल करतो. अंबरनाथच्या बुवापाड्यात आमचं घर. बाबा कारखान्यातून येताना खिशात पत्रकं घेऊन यायचे — मोर्चाची, सभेची, बुवाबाजीविरुद्धची — आणि मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवरच. बाबा गेल्यावर पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. भूत, भानामती, अंगात येणं... यातलं काही मी मानत नव्हतो, आजही मानत नाही. तरी खालचा प्रकार माझ्यासमोर घडला.

माझा मोठा भाऊ मिलिंद उल्हासनगरला एका सिंधी कापडवाल्या शेठचा टेम्पो चालवायचा. टेम्पोला शेठने लिंबू-मिरची बांधलेली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. एक दिवस उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बाजारात, मित्रांच्या देखत, मी ती तोडून टाकली आणि वर भाषणही ठोकलं. शेठ मला काही बोलला नाही. दादाला म्हणाला, "तेरा भाई बहुत पढ़ा-लिखा है. अब उसी के पास काम कर."

दादाची नोकरी गेली. काही महिने बदली ड्रायव्हर म्हणून फिरला आणि शेवटी एजंटामार्फत आखातात गेला, वाळवंटातल्या हायवेवर ट्रेलर चालवायला. सत्त्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. निघताना मला एवढंच म्हणाला, "संजू, तत्त्व तुझं होतं रे. नोकरी माझी होती."

त्या हायवेवर एक रेडिओ स्टेशन होतं. त्याची सगळी हकीकत मला दादाच्या पत्रांतून कळली, काही पुढे तिकडून परतलेल्या ड्रायव्हरांकडून. सुरुवातीला ते नुसतं वादळाची सूचना द्यायचं — अमुक मैलावर रस्त्यावर वाळू आली आहे, तमुक ठिकाणी गाड्या थांबवल्या आहेत. अरबीत आणि इंग्रजीत. पण रस्त्यावरचे निम्मे ड्रायव्हर आपल्याकडचे. त्यांना सूचना कळायची नाही आणि गाड्या वाळूत रुतायच्या. म्हणून हिंदीतूनही सांगायला लागले. मग सूचनांच्या मध्ये गाणी आली. मग दर शुक्रवारी अर्धा तास घरच्यांचे निरोप. एक बाई वाचायच्या, बोलण्यावरून हैदराबादकडच्या. आधी ट्रेलरचा नंबर दोनदा, मग नाव, मग निरोप. रस्त्याकडेच्या टपरीवर सगळे ड्रायव्हर तेव्हा रेडिओभोवती जमायचे, आणि ज्याचा नंबर लागेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, अशी तिथली रीत.

दादाने पत्रात स्टेशनचा पत्ता पाठवला. एका वेळी घरटी एकच कागद, चार ओळींच्या वर नको, अशी अट. निरोप लागतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे तीन वाजलेले असतात, असंही लिहिलं होतं.

आईला लिहिता येत नव्हतं. तिने भाकऱ्या थापता थापता मला निरोप सांगितला. "लिही. येळेवर जेव. डोळा लागाय लागला तर गाडी कडेला घे आन् झोप, कुणी वरडलं तर वरडू दे. हिकडं समदं बरं हाये. माझी काळजी करू नको." मग माझ्याकडे बघून थांबली. मी विचारलं, "अजून काही?" म्हणाली, "नको. चारच वळी ना?"

मी हवाईपत्र घेऊन बसलो. आणि आईचा एक शब्दही लिहिला नाही.

मी लिहिलं की ड्रायव्हरांचे पासपोर्ट मालक ठेवून घेतात, त्यावर तुमचं स्टेशन गप्प का? सोळा-सोळा तास गाडी चालवणाऱ्याला गाणी ऐकवण्यापेक्षा झोपेचे तास ठरवून द्या. कागद दोन्ही बाजूंनी भरला. मला वाटलं, एका आईच्या निरोपाने एका ड्रायव्हरचं भलं होईल, याने सगळ्यांचं होईल. मुद्दा चूक नव्हता, आजही चूक वाटत नाही. पण कागद एकच होता, आणि तो आईचा होता.

"लिव्हलंस ना मी सांगितलेलं?" तिने विचारलं.

"हो."

पुढच्या पत्रात दादाने लिहिलं, 'अजून आपला निरोप लागला नाही. इथले लोक चिडवतात, तेरा घर है भी कि नहीं. एकदा परत पाठवा ना.' दादाची पत्रं आईला मीच वाचून दाखवायचो. त्या ओळी मी गाळल्या.

पण वेळ आईच्या लक्षात राहिली होती. ती दर शुक्रवारी तीन वाजता घरातला जुना रेडिओ लावून बसायची. नुसती खरखर. मी म्हणायचो, "आई, ते स्टेशन इकडे लागत नाही. फार लांब आहे."

"न लागू दे. त्यो बी आत्ता कान लावूनच बसलाय न्हवं?"

असे दहा-बारा शुक्रवार गेले असतील. त्या दिवशी मी घरात एका पत्रकाची प्रूफं तपासत होतो. शेजारच्या लीलाकाकू चाळणी मागायला आल्या होत्या, दारातच उभ्या. रेडिओ खरखरत होता... आणि एकदम साफ झाला. इतका साफ की मुंबई केंद्रसुद्धा आमच्याकडे तसं लागत नसे. बाईचा आवाज. "ट्रेलर नंबर इकतालीस बारह. इकतालीस बारह. मिलिंद भाई, अंबरनाथ से आपकी अम्मी कहती हैं..."

वेळेवर जेव. डोळा लागायला लागला तर गाडी कडेला घे, झोप. कोणी ओरडलं तर ओरडू दे. इकडे सगळं ठीक आहे. माझी काळजी करू नको. हिंदीत, पण आईचंच, ओळीला ओळ. आणि त्यानंतर आणखी एक वाक्य — "छोटे को माफ़ कर देना बेटा. वो काग़ज़ की बात बोल लेता है, मन की बात उससे बोली नहीं जाती."

मग गाण्याची सुरावट सुरू झाली आणि परत खरखर.

"अगंबाई, मिलिंदचं नाव घेतलं का ओ?" लीलाकाकू म्हणाल्या. म्हणजे भास नव्हता.

आई हसत होती, डोळे पुसत होती. माझ्या हातातली प्रूफं खाली पडली होती. काकू गेल्यावर मी विचारलं, "आई, ते शेवटचं... ते तू मला सांगितलं नव्हतंस."

"तुझ्याम्होरं कसं सांगू? मनात व्हतं. तू आपल्या मनानं घातलंस, बरं केलंस."

तिला वाटलं, मीच लिहिलं. मी खाली पडलेली प्रूफं गोळा करायला लागलो.

दुसऱ्या दिवशी रेडिओ घेऊन मी उल्हासनगरला ओळखीच्या रिपेअरवाल्याकडे गेलो. चाळीस वर्षं रेडिओ उघडणारा म्हातारा. स्टेशन कुठलं, बँड कुठला, वेळ कुठली, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाला, "साईं, रात को बोलते तो मान लेता. दोपहर को मीडियम वेव उधर से इधर? हो ही नहीं सकता." पैसे घेतले नाहीत. रेडिओत बिघाड नव्हता.

दुसरा निरोप मी तरीही पाठवला नाही. पोचलाय की, असं स्वतःला सांगितलं. खरं तर तो कागद पुन्हा समोर घ्यायची माझी हिंमत नव्हती. पुढे दादाची पत्रं कमी झाली. त्यांत निरोपाचा विषयही पुन्हा आला नाही.

तिकडे लढाईची चिन्हं दिसायला लागली तेव्हा दादा परत आला. वाळलेला, काळवंडलेला. आईने त्याला बसूही दिलं नाही, आधी विचारलं, "माझा निरोप ऐकलास न्हवं? आमी बी हितं रेडिओवर ऐकला."

दादाने माझ्याकडे पाहिलं. दोन-तीन क्षणच.

"ऐकला की. सगळ्यांना चहा पाजला."

आई त्या समाधानात अजून चार वर्षं जगली.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं पानाच्या टपरीपर्यंत चाललो होतो. दादा म्हणाला, "पाठवला नव्हतास ना?"

"नाही."

"एकही शुक्रवार चुकवला नाही मी. लोक म्हणायचे, याचा चहा प्यायच्या आधी मरू आपण." मग थोडं चालून, "पण मग तिने काय ऐकलं?"

"माहीत नाही, दादा. मीही ऐकलं. लीलाकाकूंनीही."

"काय होतं त्यात?"

मी सांगितलं. जेवणाचं, झोपेचं, कोणी ओरडलं तर ओरडू दे. तो मान खाली घालून ऐकत होता.

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो.

ते स्टेशन पुढे बंद पडलं असं ऐकतो. दादा आता बदलापूरला, मांजर्लीत राहतो, कंपनीची बस चालवतो. आमचं बोलणं चांगलं आहे — बसचं, पोरांचं, राजकारणाचं. तो आवाज कुठून आला याचा उलगडा मला दहा वर्षांत झालेला नाही, आणि होईल असंही वाटत नाही. या अंकाची एक प्रत दादाच्या घरी देऊन यायचं ठरवलंय. ते शेवटचं वाक्य त्याच्यासमोर तोंडाने बोलायला मी दोनदा मांजर्लीला गेलो होतो. दोन्ही वेळा चहा पिऊन परत आलो.