भातगिरणीचा बेलभंडारा

रजनी लग्न होऊन मुळशीतल्या गावात आली, तेव्हा भातगिरणी बंद पडून दहा वर्षं झाली होती. शंभरी गाठायला आलेली काळ्या दगडाची इमारत, वर सागाच्या तुळया, आत घुशी आणि वटवाघळं. गाव नाकाला पदर लावून पुढे जायचं. रजनी आत शिरून पावलं मोजून आली. "पंचवीस मीटर भरतंय की," नवऱ्याला म्हणाली. व्हॉल्टच्या उडीच्या धावपट्टीला तेवढंच लागतं. हिंजवडीत कंपनीची कॅब चालवणाऱ्या त्या गड्याला काही उमगलं नाही. पण पुण्यात जिम्नॅस्टिक्सची पदकं मिळवलेली बायको केली की असलं ऐकून घ्यावं लागतं, एवढं तो शिकला होता.

गिरणी किशोरची, त्याच्या आज्याने, कुशाबाने बांधलेली. किशोर भावकीतला. रजनीने ती मागून घेतली, झाडली, पोत्यांत भाताचा पेंढा ठासून गाद्या केल्या आणि पडलेल्या तुळईला सतरंजी गुंडाळून बॅलन्स बीम केला. बाया हसल्या, "पोरी उलट्या टांगून नवरं भेटणार हायेत व्हय?" मग त्यांच्याच पोरींनी जिल्ह्याची पदकं आणली आणि हसणाऱ्यांचे दात घशात गेले. सगळ्यांत तयार पोर किशोरचीच, आरोही. नऊ वर्षं रजनीने तिच्या पाठीखाली हात धरला. उलटी उडी मारताना मागे बघायचं नसतं, खाली हात आहे एवढं मानायचं असतं.

मुळशीतल्या जागांना सोन्याचा भाव आला, तशी रजनीला धाकधूक लागली. तिने किशोरकडे कागद मागितला.

"वहिनी, कागुद कोर्टाला लागतोय," तो म्हणाला. "आपल्यात देव हाय."

भैरोबाच्या देवळात गावासमोर त्याने बेलभंडारा उचलून शपथ घेतली, ही गिरणी मी इकणार न्हाई म्हणून. त्यानंतर कागद मागणं म्हणजे देवालाच खोटं ठरवणं. रजनी पुण्यात वाढलेली, पण वीस वर्षांत पक्की गावची झाली होती. तिथेच फसली.

यंदा दिवाळीनंतर किशोरचा थोरला, ओम, टेप घेऊन आला. राज्य स्पर्धेच्या आधी नव्या मॅट टाकू म्हणाला. रजनीने हौसेने टेपचं दुसरं टोक धरलं, लांबी, उंची, खिडक्यासुद्धा मोजून दिल्या. मॅटला खिडक्यांचं माप कशाला, हे त्या शहाणीच्या डोक्यात आलं नाही. पंधरा दिवसांत कुंपणावर फलक लागला. गिरणी एका रिसॉर्टची झाली होती, लग्नांच्या हॉलसाठी.

ती तडक किशोरच्या ओसरीवर गेली.

"देवासमोर बोलला हुता तुमी."

"मी कुटं इकली? बेलभंडारा उचलायच्या आदल्या महिन्यातच ओमच्या नावावर केली हुती. ओमनं इकली. मी शबूद मोडला न्हाई, वहिनी."

एवढं बोलून त्याने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. रजनीच्या अंगाची लाही लाही झाली. याने देवाला सांभाळून घेतलं होतं आणि नेमकं तिला तेवढं फसवलं होतं. चहा तसाच ठेवून ती उठली.

संध्याकाळी आरोही नेहमीसारखी सरावाला आली. स्पर्धेला पाच दिवस होते, गिरणी रिकामी करायला आठ.

"मी टेप धरला तवा तू बीमवर हुतीस," रजनी म्हणाली. "तुला ठावं हुतं?"

आरोही पायाच्या बोटांकडे बघत राहिली. "व्हय. पपा म्हनले, स्पर्धा होईस्तोवर बाईंना सांगू नगं. रागानं शिकवायचं सोडतील."

रजनीला रडू फुटलं असतं तर बरं झालं असतं. पोरगी बीमवर चढली. नवी उडी अजून पक्की बसली नव्हती. तिने पाठ फिरवली, हात वर केले आणि रोजच्यासारखं विचारलं, "बाई, हात हाय ना?"

रजनी नुसती बीमपाशी येऊन उभी राहिली. आरोही मागे न बघता उडाली. रजनीने हात धरला, नाहीतर पोर मानेवर पडली असती. पण नऊ वर्षांत पहिल्यांदा तो हात मायेने गेला नव्हता. आरोहीला ते कळलं नाही. ती नीट उतरली आणि हसून म्हणाली, "जमलं, बाई."