वायरीच्या दुसऱ्या टोकाला

आमचे हे फौजेतून सुट्टीवर यायचे ते एक काळी ट्रंक, एक मच्छरदाणी आणि 'ओव्हर' हा शब्द घेऊन. सिग्नल्समध्ये हवालदार होते. सगळी नोकरी वायरलेसवर बोलण्यात गेली, त्यामुळे घरातसुद्धा वाक्य संपलं की ओव्हर. "चहा ठेव. ओव्हर." मग मी 'रॉजर' म्हणेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात उभे. रॉजर म्हणजे ऐकलं, कळलं, पोचलं. नुसता चहा समोर आणून ठेवला तर समाधान नाही, तोंडी पोच पाहिजे. "समोरच्यानं उलट बोल्ल्याबिगर निरोप पोचला म्हणायचा न्हाई," हे त्यांचं तत्त्वज्ञान. त्यांचं नाव कृष्णात, पण गाव त्यांना हवालदार म्हणतं, आणि खरं सांगायचं तर घरातही आवाज त्याच हुद्द्याचा असतो.

मीही नव्या नवलाईत हौसेनं रॉजर म्हणायचे. पुढे सवयीनं म्हणायला लागले. आणि मग एके दिवशी बंद केलं.

तो दिवस त्यांच्या सत्काराचा. आमच्या कडेगाव भागात जवान कायमचा घरी आला की त्याची उघड्या जीपमधून मिरवणूक काढतात. पुढे हलगी, फेटे, गुलाल, दारोदारी ओवाळणी आणि शेवटी चौकात माईक. हे माईकसमोर उभे राहिले आणि आभार मानायला लागले. रेजिमेंटचे मानले, सुभेदारसाहेबांचे मानले, ग्रामपंचायतीचे, तालमीचे, सोसायटीचे, हलगीवाल्यांचे मानले. जीप धुऊन देणाऱ्याचेही मानले. मी पुढच्या रांगेत नवं इरकल नेसून बसले होते. हे सीमेवर असताना उसाला पाणी मी दिलं, घराचा स्लॅब मी उभं राहून टाकून घेतला, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगलीला नेऊन मी करून आणलं, लेकीची, राजनंदिनीची, बारावी मी पार पाडली आणि वर अंगणवाडीची नोकरी केली. म्हटलं, आता माझं नाव येईल. हे माईक धरून घशात काही अडकल्यासारखं खाकरले आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या.

जीप धुणाऱ्याचं नाव घेतलं हो यांनी! तेव्हापासून मी रॉजर म्हणणं सोडलं. चहा देते, जेवण देते, बोलतेही. पण पोच नाही. "अगं, रॉजर म्हन की," असं मध्येमध्ये म्हणतात. मी पातेलं आपटते. का ते मी सांगितलं नाही, सांगणारही नव्हते. मागून घेतलेलं नाव मला नको होतं.

निवृत्त माणसाला काहीतरी नाद लागतोच. कुणी भजनात जातो, कुणी राजकारणात. आमचे हे काळ्या खिडकीत गेले. झालं असं की गावच्या दूध डेअरीतला वजनकाटा आणि तिथला कॉम्प्युटर यांचं बोलणं बंद पडलं. काट्याच्या मागं नऊ पिनांची जुन्या तऱ्हेची एक वायर असते. यांनी ती ओळखली, राजनंदिनीचा जुना लॅपटॉप उचलून नेला आणि त्यात टर्मिनल नावाचं सॉफ्टवेअर टाकलं. ते उघडलं की एक काळी खिडकी येते, बाकी काही नाही. वायरीच्या दुसऱ्या टोकाला जे यंत्र असेल त्याच्याशी त्या खिडकीतून लिहून बोलायचं, आणि ते यंत्र बोलेल ते तिथंच उमटतं. दोघांचा बोलण्याचा वेग जुळला नाही, तर खिडकीत किडामुंगीसारखी अक्षरं येतात. यांनी वेग बदलत बदलत नेला आणि एकदम खिडकीत दुधाची वजनं धडाधड उतरायला लागली. हे घरी आले ते लढाई जिंकल्यासारखे. "अगं, काटा बोलला माझ्यासंगं!" म्हणाले. माझ्याशी बोलायला शब्द सापडत नाहीत, पण काट्याशी गप्पा!

मग गुऱ्हाळाचा काटा, उसाच्या ट्रकांचा मोठा काटा, दुधाची फॅट काढणारं मशीन, जिथं तिथं हवालदार. वायर खोचायची, काळी खिडकी उघडायची आणि यंत्र काय म्हणतंय ते वाचत बसायचं. ती सगळी यंत्रं मुळातच बडबडी. वजन ठेवलं की आपणहून बोलणार. त्यामुळे यांचं तत्त्वज्ञान आणखी पक्कं झालं. जे उलट बोलत नाही ते मेलेलं.

यात्रेच्या तोंडावर आमच्या सरपंच नीलिमाताईंनी आष्ट्यातल्या एका बंद झालेल्या कापडदुकानातून लाल दिव्यांचा बोर्ड आणला. उजवीकडून डावीकडं अक्षरं पळतात तसला. कुस्तीच्या मैदानात जिंकलेल्या पैलवानांची नावं त्यावर पळवायची, असा बेत. बोर्ड ग्रामपंचायतीच्या कपाळावर, चौकाकडे तोंड करून चढवला. पण तो चालवायचा कशानं, हे दुकानदारालाही आठवत नव्हतं. मागं फक्त तीच नऊ पिनांची जागा.

"ताई, तासाभरात चालू करून देतो," हवालदारांनी भर सभेत छाती काढून सांगितलं. यात्रा कमिटीचे लालासाहेब, म्हणजे दरसाली कुस्त्यांचं निवेदन करणारे, खोचकपणे म्हणाले, "हवालदार, न्हाई झाला तर?"

"तर फेटा बांधायचा सोडीन."

झालं. आमच्या गावात फेट्यावर गेलेली गोष्ट परत माघारी येत नाही.

दुपारी हे ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत बसले. वायर छपरावरून खाली घेतली होती. आधी चारदोनदा बाहेर येऊन बोर्डाकडं बघून गेले. बोर्ड ठार काळा. जमलेले लोक सल्ले द्यायला लागले, तसे यांनी फोन बंद केला आणि आतून कडी लावली. त्या खोलीच्या भिंतीला लागूनच पिठाची गिरणी आहे. ती सुरू असली की शेजारी तोफ उडाली तरी कळणार नाही. तरी यांनी तीच खोली निवडली, कारण गिरणीचा आवाज त्यांना जनरेटरसारखा वाटतो आणि त्यात डोकं चालतं म्हणे.

आत हे वेग बदलत होते. बाहेर एकदम बोर्डावर लाल अक्षरं पळाली. अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी, आपण फोनवर लिहितो तशी. "टेस्टिंग टेस्टिंग." चौकात टाळ्या पडल्या. पण हे बाहेर आले नाहीत.

ते का आले नाहीत, हे मला मागाहून कळलं, पण इथंच सांगते. काटे बोलतात, हा बोर्ड नुसता ऐकतो. आपण लिहिलेलं आपल्याच खिडकीत दिसावं असं वाटत असेल, तर टर्मिनलमध्ये एका ठिकाणी तशी खूण करावी लागते. ती यांनी केली नव्हती. काटे बोलत असताना तिची गरजच कधी पडली नव्हती. त्यामुळे हे लिहीत होते आणि समोरची खिडकी कोरीच्या कोरी. उलट उत्तर नाही, म्हणजे निरोप पोचला नाही. बाहेर येऊन नुसती मान वर केली असती तर दिसलं असतं, पण तत्त्वज्ञान आडवं आलं.

"राम राम," बोर्ड म्हणाला. मग, "ऐकू येतंय का. ओव्हर."

"येतंय!" चौक ओरडला. आत गिरणी.

"ह्या बोर्डाला काय धाड भरली."

आता लोक दुकानांतून बाहेर यायला लागले. मी अंगणवाडी बंद करून तिकडूनच घरी चालले होते, तर कट्ट्यावर सासूबाई दिसल्या. त्या आमच्या बनुबाई. इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून लालासाहेबांना सारखं विचारत होत्या, "काय म्हनतोय माझा किस्ना?" आणि लालासाहेब हात वर करून, मैदानातल्यासारखं वाचून दाखवत होते.

"मी ताईंना तासाभरात म्हणालो," लालासाहेबांनी वाचलं. "मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही."

नीलिमाताईंनी पदर तोंडाला लावला. लालासाहेब खूश होऊन पुढचं वाचायला गेले आणि तोंड उघडंच राहिलं. बोर्डावर पळत होतं, "लालासाहेब माईक सोडत नाही. पैलवान दमतात, हा दमत नाही."

"वाचा की लालासाहेब," ताई म्हणाल्या.

"अक्षर नीट लागंना," लालासाहेब म्हणाले.

त्यात दुसरी ओळ आली. "दुपारची आमटी आईनं केली होती. खारट. राजेश्वरीच्या हाताची चव कशातच नाही." माझं नाव! मला आधी आमटीच दिसली, नाव मागून दिसलं. जेवायला मी घरी आले होते, तेव्हा माझ्यासमोर याच माणसानं "आई, आमटी लय झ्याक," म्हणून वाटी पुढं केली होती.

"आता काय म्हनतोय?" सासूबाईंनी विचारलं.

"आमटी लय आवडली म्हनतोय," लालासाहेबांनी सांगून टाकलं. तेवढं पुण्य त्यांच्या नावावर आहे.

"आवडनारच. मी केल्याली," म्हणून सासूबाईंनी चौकाकडं बघितलं. चौक खाली बघून हसत होता.

ताई मला म्हणाल्या, "वहिनी, जाऊन कडी वाजवा. नाहीतर पुढं कुणाकुणाचं निघेल काय माहीत." त्यांचं बरोबर होतं. कुणाची जमीन, कुणाची सून, कुणाचं मत कुणाला, हवालदारांच्या पोटात सगळं आहे. मी दोन पायऱ्या चढलेही. तेवढ्यात वर परत माझं नाव पळालं आणि मी मागं फिरून चौकात आले.

"राजेश्वरी रॉजर म्हणत नाही," बोर्ड म्हणाला.

लोक माझ्याकडं बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातली गोष्ट घरात सांगायला यांना जीभ नाही, आणि इथं लाल दिव्यांत! तालमीतले दोघं जण कडी वाजवायला धावले. मी त्यांच्या आडवी गेले.

"थांबा. कुनी हात लावायचा न्हाई दाराला," मी म्हणाले. माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाही तेव्हाच कळलं.

"का म्हणत नाही ते ठाऊक आहे," बोर्ड पुढं गेला. अक्षरं फार सावकाश पळत होती. एका बोटानं टाइप करतात ना! "सत्काराच्या दिवशी सगळ्यांची नावं घेतली. तिचं शेवटी ठेवलं होतं. मुद्दाम. माईक हातात होता. तिच्याकडं बघितलं आणि"

आणि वीज गेली.

बोर्ड काळा. गिरणी हळूहळू गप्प झाली. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे आत यांचं लिहिणं चालूच असणार. जे लिहीत होते ते वायरीतून येऊन मेलेल्या बोर्डावर आपटत होतं आणि मी वर तोंड करून उभी होते. आयुष्यात विजेच्या कंपनीला इतक्या शिव्या मी उसाला पाणी देतानाही घातल्या नव्हत्या.

थोड्या वेळानं कडी निघाली. हे बाहेर आले. फेटा घरून आणलेलाच होता, तो हातात धरलेला. कुणाकडं न बघता म्हणाले, "न्हाई गड्यांनो. मेल्याला हाय बोर्ड. सगळं करून बगितलं, एक अक्षर गेलं न्हाई." आणि फेटा नीलिमाताईंच्या पुढं धरला.

"काय काय लिवलं हो हवालदार?" लालासाहेबांनी साळसूदपणे विचारलं.

"सोडा वो. काळ्या खिडकीत आपलं मनाला येईल ते. कुठं कोन वाचतंय."

तिथं जो हशा पिकला, त्यानं कावळे उडाले. हे चारी बाजूंनी बघायला लागले. मग बोर्डाकडं, मग छपरावरच्या वायरीकडं, मग माझ्याकडं. गोरा माणूस नाही, तरी लाल झालेला दिसला. सिग्नल्सचा हवालदार, एवढी वर्षं गुप्त निरोप सांभाळलेला!

"कुठनं वाचलंय?" एवढंच विचारलं.

"टेस्टिंगपासनं," मी म्हणाले.

"आमटी?"

"आमटी बी."

त्यांनी आईकडं बघितलं. सासूबाई कौतुकानं हसल्या. "केवडं मोठ्या अक्षरात लिवलंस रं, किस्ना."

हे पायरीवरून उतरून निघायला लागले. मला वाटलं, गेला आता हा माणूस पोटातलं घेऊन परत. दोन वर्षं मी थांबले, मागायचं नाही म्हणून. पण हे मागणं नव्हतं. अर्धा निरोप माझ्यापर्यंत पोचला होता, आणि अर्धा निरोप पोचला तर काय करायचं, हे यांनीच मला लग्नानंतर पहिल्या सुट्टीत शिकवलं होतं.

मी वाटेत उभी राहिले आणि म्हणाले, "से अगेन. ओव्हर."

हे जागच्या जागी थांबले. टाचा जुळल्या की काय असं मला वाटलं. 'से अगेन' म्हटल्यावर निरोप परत द्यावाच लागतो, तिथं हवालदाराचा इलाज नाही. फेट्याचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आवाज न्हाई आला," लालासाहेब मागून म्हणाले. ताईंनी त्यांना कोपरानं ढोसलं.

"राजेश्वरी," हे म्हणाले. पहिल्यांदा. मला आजवर 'अगं' आणि 'राजनंदिनीची आई' एवढंच ठाऊक. "राजेश्वरी, तुज्याकडं बगितलं आन् घसा दाटला. फेटा बांधून, गुलाल लावून, सगळ्या गावापुडं रडाय लागलो असतो. म्हनून बसलो खाली. तू नसतीस तर माजं घर..."

पुढचं आलं नाही. हे मागं सरून ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसले, सत्काराच्या दिवशी बसले होते तसे. फरक एवढाच, की या वेळी नाव घेऊन मग बसले. डोळ्यांना फेटाच लावला. ताईंनी फेटा घेतलाच नाही, कारण बोर्ड तर चालला होता.

वीज आली. गिरणी घरघरली. वर बोर्ड पेटला, पण त्याला काही आठवत नव्हतं, नुसताच लाल उजळून राहिला. गिरणीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मी त्यांच्या कानाशी वाकले.

"रॉजर," मी म्हणाले. "आन् उद्यापासनं आमटी मीच करनार. ओव्हर."