अर्धा कोयता

पंधरा दिवसांपूर्वी शाळेत मी एका मुलीचं बरोबर वाक्य चूक ठरवलं. तिची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेऊन लिहितेय, नाव तेवढं बदललंय...

शिरूर कासारजवळच्या एका गावात मी आठवीला मराठी शिकवते. मुलांना चार लोकांत बोलता यावं म्हणून एक उपक्रम घेते. प्रत्येकाने एक शब्द निवडायचा, त्यावर दहा ओळी लिहायच्या आणि शुक्रवारी वर्गासमोर उभं राहून बोलायचं. बहुतेक जण गाईडमधून 'पर्यावरण' उचलून आणतात. तेही खूश, मीही खूश.

सोनालीने 'कोयता' घेतला होता. पहिलीच ओळ, 'यंदा मी अर्धा कोयता होणार.' मी लाल पेनाने गोल केला आणि शेरा मारला, 'कोयता ही वस्तू आहे. माणूस कोयता होत नाही. वाक्य पुन्हा लिही.' व्याकरणाच्या बाबतीत मी खाष्ट सासू आहे, हे माझे विद्यार्थी सांगतीलच.

मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. उलटून बोलणारी मुलगी नाही ती... मान खाली घालूनच म्हणाली, "मॅडम, ते चूक न्हाई. कोयता म्हंजी नवरा-बायकूची जोडी. एकटं माणूस म्हंजी अर्धा कोयता. आमचा मुकादम कारखान्याला जोडीच नेतो, अर्धा न्हाई नेत."

मी कोकणातली, बदली होऊन इथे दोनच वर्षं झाली. आमच्याकडे कोयता म्हणजे कोयता. दिवाळीच्या सुमारास वर्ग रिकामा होतो, मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात, एवढं माहीत होतं. पण ज्या शब्दावर या घरांचं अख्खं वर्ष चालतं, तोच मला माहीत नव्हता. लाज वाटली... खरंच वाटली.

मग उरलेल्या ओळी नीट वाचल्या. आईच्या पिशवीचं ऑपरेशन झालंय, तिला उसाची मोळी उचलत नाही. यंदा पाऊस नाही, रानात काही उगवलं नाही, त्यामुळे दादांना, म्हणजे वडिलांना, जावंच लागणार. म्हणून आईच्या जागी ती. आणि शेवटची ओळ... 'मला दहावी करायची आहे, पण हे मी दादांना सांगितलेलं नाही.'

गुरुवारी मी तिच्या दादांना शाळेत बोलावलं. शिक्षणाचा हक्क, कायदा, मुलीचं भवितव्य... अर्धा तास तोंडाची वाफ दवडली. ते टोपी हातात घेऊन "बरोबर हाय मॅडम" एवढंच म्हणत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर तोही अन्यायच. त्या माणसाला सगळं पटत होतं, फक्त माझ्या एवढ्या शब्दांत त्याच्यासाठी वाट कुठेच नव्हती.

शेवटी मी गप्प बसले आणि सोनालीच्या हातात वही दिली. शुक्रवारचं सादरीकरण गुरुवारीच झालं, स्टाफरूममध्ये.

दादांसमोर उभी राहून ती वाचायला लागली. 'श्रोत्यांच्या डोळ्यांत बघून बोला' असं मी वर्षभर घोकून घेतलंय, पण तिने वहीतून डोळे काढले नाहीत. शेवटच्या ओळीला मात्र तिने वही मिटली आणि ती ओळ दादांकडे बघून सांगितली.

"कावून बोलली न्हाईस, माय?" दादांनी विचारलं.

"तुमी एकले पडला असता, दादा."

मला रडू आवरेना, म्हणून मी उगाच कपाटातल्या वह्या लावत राहिले.

मग दादांनी तिथूनच उमापूरला आपल्या बहिणीला फोन लावला. बहीण विधवा. एकटी म्हणून तिलाही मुकादम नेत नव्हता, म्हणजे तीही अर्धा कोयताच. आता भाऊ-बहीण मिळून एक कोयता झाले.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. एका मुलीच्या जागी एक थकलेली बाई उसात गेली, एवढंच झालं. मोळी कुणाला तरी उचलावीच लागते, आणि ती कुणी उचलू नये एवढी ताकद माझ्या मराठीच्या तासात नाही. हे मनाला लागून राहिलंय.

काल सकाळी गावातून ट्रक गेले. मी हजेरी घ्यायला लागले, तर एकेका नावाला उत्तरच येईना... सोनालीच्या नावापाशी मीच अडखळले.

मागच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "हजर, मॅडम!"

हा शब्द मी रोज ऐकते. काल पहिल्यांदा पेन खाली ठेवून ऐकला.