कालव्यावरचा आठवडा

आई गेली त्याच उन्हाळ्यात आम्ही अमेरिकेतल्या एरी कालव्यावर आठवडाभर बोटीत राहिलो. २००६ साल. बोट नवऱ्याने आदल्या नोव्हेंबरातच बुक केली होती, आईबाबा दोघं येणार म्हणून. मार्चमध्ये आई नागपूरला झोपेतच गेली. मी इकडे श्रूजबरीहून निघून नागपूरच्या घरी पोचले तेव्हा चौथा दिवस होता. जूनमध्ये बाबा एकटेच आमच्याकडे आले. बोट कॅन्सल करू का, असं नवऱ्याने दोनदा विचारलं. बाबा म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." मीही तेच म्हटलं. म्हणून गेलो.

बोट लोखंडी, लांबच लांब आणि अरुंद होती. आत ओटा, टेबल, संडास आणि झोपायच्या दोन जागा, सगळं एका रांगेत. एकाला पुढे जायचं तर दुसऱ्याने भिंतीला चिकटायचं. वेग इतका कमी की काठावरचे सायकलवाले मागून येत आणि दिसेनासे होत. मागे उभं राहून सुकाणूचा दांडा धरायचा. बोट डावीकडे न्यायची तर दांडा उजवीकडे ढकलायचा. नवऱ्याला हे दोन दिवस जमलं नाही. दोनदा आम्ही झुडपांत शिरलो. तिसऱ्या दिवशी बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गवत अडकलं आणि तो तासभर पालथा पडून हाताने ते काढत बसला. "व्हेकेशन आहे यार ही," तो म्हणाला. कोणी हसलं नाही.

संडासाला फ्लश नव्हता, दांडा वरखाली करून पंप मारायचा. अंघोळीला दोन मिनिटं पाणी. वाटेत लिफ्टचे पूल होते. रेडिओवरून सांगायचं, मग पुलावरचा माणूस गाड्या थांबवून अख्खा पूल वर उचलायचा. तो जेवायला गेला असेल तर आम्ही पाण्यात गोल गोल फिरत राहायचो. मला या कशाचाच त्रास होत नव्हता. मी पोहे करत होते, भांडी धूत होते, सांगितलं की दोरी धरत होते.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. उभा जन्म कालव्यांवर गेलेला. नवऱ्याला वाटलं होतं, ते खूष होतील, शंभर प्रश्न विचारतील. ते पुढच्या टोकाला खुर्ची टाकून बसून राहायचे. एकदाच म्हणाले, "आमच्या कॅनॉलमध्ये बोट चालत नाही. पाणी शेतात जातं."

चौथ्या दिवशी लॉकमध्ये ते झालं. लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेला खोल हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार बंद होतं, पाणी खाली जातं आणि त्याबरोबर बोटही खाली उतरते. तेवढा वेळ भिंतीतल्या शिडीच्या पायरीतून बोटीची दोरी घालून तिचं मोकळं टोक हातात धरायचं आणि हळूहळू सैल सोडत राहायचं. बांधायची कधीच नाही, हे पहिल्या दिवशी बजावून सांगितलं होतं. मागची दोरी नवऱ्याकडे, पुढची माझ्याकडे. माझे हात भरून आले होते. मी ती बोटीच्या खुंटाला तीन वेढे देऊन अडकवली.

पाणी उतरू लागलं. दोरी ताठ झाली, वेढे एकमेकांत रुतले, मग कुरकुर ऐकू आली. पुढचं टोक वर अडकून राहिलं, मागचं खाली जाऊ लागलं. आत भांडी घसरून पडली. नवरा मागून ओरडला, "सोड, दोरी सोड!" मला ऐकू येत होतं. काय होतंय तेही कळत होतं. मी दोरीकडे बघत उभी होते.

बाबा खुर्चीवरून उठले, वाकून आत शिरले, ओट्यावरची सुरी घेऊन आले आणि त्यांनी मला बाजूला सारलं. चार-पाच वेळा सुरी घासल्यावर दोरी तुटली. बोट धपकन पाण्यावर आपटली आणि बाबा गुडघ्यावर पडले. वरून लॉकवाल्याने पाणी थांबवलं आणि सगळे ठीक आहात ना, असं विचारलं. नवऱ्याने हात वर केला.

पुढे काठाला बोट लावल्यावर मी बाबांच्या गुडघ्याला बर्फ लावत होते.

"तुला दिसत होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग?"

"हात हलले नाहीत, बाबा."

ते म्हणाले, "माझंही होतं तसं. सकाळी ब्रश हातात घेऊन उभा राहतो. पुढे काय करायचं ते आठवत नाही."

नवऱ्याने हे ऐकलं. तो म्हणाला, "बोट उद्याच परत करू या."

"राहू द्या," बाबा म्हणाले. "घरी जाऊन तरी काय करायचं?"

उरलेले दिवस पुढची दोरी बाबांनी धरली. मी आत बसून राहिले.

सप्टेंबरमध्ये ते नागपूरला परत गेले. मी ऑफिसला जात होते, मीटिंगमध्ये बोलत होते. डिसेंबरात एका संध्याकाळी डाळ धुताना मला रडू आलं ते थांबेचना. नवऱ्याने माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि मला खुर्चीवर बसवलं. दुसऱ्या दिवशी फोनवर बाबांना सांगितलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "मला अजून नाही आलं."